बर्फातले सव्वीस दिवस

१९८८ च्या त्या एप्रिलमध्ये माझा टाइपरायटर चेस्ट फ्रीझरवर होता. खाली खवून गोठवलेला नारळ, मेथी आणि मटार. वर मी आणि डॉ. जोसाया पेल्हम. घरात टेबल नव्हतं असं नाही. चांगलं ओकचं टेबल होतं, गादीची खुर्ची होती. पण खुर्चीत टेकले की दुसऱ्या मिनिटाला पोटऱ्यांत काहीतरी वळवळायला लागायचं, ते मांड्यांतून वर चढायचं, आणि उठल्याशिवाय सुटका नसायची. म्हणून मी उभ्याने टाइप करायची. डावा पाय, उजवा पाय, डावा पाय, जागच्या जागी कवायत. पुण्याला टायपिंगच्या क्लासात बाई सांगायच्या, पाठ ताठ आणि पाय स्थिर. त्या बाईंनी मला बर्मिंगहॅममध्ये येऊन पाहिलं असतं तर सर्टिफिकेट परत मागितलं असतं.

पेल्हम हा अमेरिकेतला फार जुना वेड्यांचा डॉक्टर. व्हरमाँटच्या डोंगरात त्याचं इस्पितळ होतं, दीडेकशे वर्षांपूर्वी. तेव्हा या लोकांना सायकायट्रिस्ट म्हणायचीही पद्धत नव्हती. तो दर वर्षी लांबलचक अहवाल छापायचा आणि इंग्लंडातल्या आपल्यासारख्याच डॉक्टरांना जहाजाने पाठवायचा. त्यातला एक गठ्ठा ह्यांच्या हॉस्पिटलच्या लायब्ररीत येऊन पडला होता. हे म्हणजे माझे यजमान, डॉ. शशिधर पाथरकर. शहराबाहेरच्या त्या जुन्या मेंटल हॉस्पिटलात ह्यांनी अठरा वर्षं काढली. कन्सल्टंटच्या जागेसाठी तीनदा इंटरव्ह्यू दिला आणि तिन्ही वेळा ह्यांनीच शिकवलेला एखादा गोरा मुलगा वर गेला. आता हॉस्पिटल बंद व्हायला आलं होतं, लायब्ररीतली पुस्तकं स्किपमध्ये, म्हणजे कचऱ्याच्या मोठ्या लोखंडी पेटीत, फेकत होते. हे त्या स्किपमध्ये उतरले आणि पेल्हमला गाडीच्या डिकीत घालून घरी घेऊन आले.

तेव्हापासून ते पाहुणे आमच्याकडेच. राहिलेलं लिखाण अमेरिकेतल्या लायब्रऱ्यांतून झेरॉक्स होऊन आलं. एका युनिव्हर्सिटीच्या छोट्या प्रेसने समग्र लेखन काढायचं कबूल केलं. पहिल्या पानावर संपादक म्हणून ह्यांचं नाव येणार होतं. ह्या माणसाने उभ्या आयुष्यात एवढं एकच मागितलं होतं, त्यामुळे मी नाही कशी म्हणणार? आणि मी मूळची मेडिकल सेक्रेटरी. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली, कारण सेक्रेटरीला बसावं लागतं.

आता पायांचं सांगते. पंच्याऐंशीच्या नोव्हेंबरात माझी आई मिरजेला वारली. माझा पासपोर्ट नेमका होम ऑफिसात अडकलेला, मी जाऊ शकले नाही. त्यानंतर तीन आठवडे मला ती स्वयंपाकघरातून हाका मारायची. "प्रभे, दूध बघ गं." मी "बघते" म्हणायची आणि बघायची. दूध नसायचंच गॅसवर. एकदा ह्यांनी मला उत्तर देताना ऐकलं. दुसऱ्या दिवशी हे निळ्या गोळ्यांचा बॉक्स घेऊन आले. औषधकंपनीचे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह देतात त्या सॅम्पलचा, म्हणजे कुठे चिठ्ठी नको, कुठे नोंद नको.

"गिरीशला सांगू या का?" मी विचारलं होतं. गिरीश आमचा जीपी, म्हणजे घरचा डॉक्टर, ह्यांचा मित्र, दोन गल्ल्या सोडून त्याची सर्जरी, म्हणजे दवाखाना.

"वेड लागलंय का?" हे म्हणाले, आणि मग आपण काय बोललो ते कळून ओशाळले. "अगं, एकदा फाइलवर चढलं की पुसता येत नाही. त्याची बायको आशा मराठी मंडळाची सेक्रेटरी. उद्या मंजिरीचं लग्न करायचंय. घरात डॉक्टर असताना बाहेर कशाला जायचं?"

आवाज गेला. गोळीने गेला की आईचाच राग शांत झाला, देव जाणे. पण महिन्याभरात पायांना भिंगरी लागली. मी म्हटलं, "अहो, मला बसवत नाही." हे म्हणाले, "अस्वस्थता वाढतेय, आजार डोकं वर काढतोय," आणि गोळ्या दोन झाल्या. एका गोळीवर मी घरात फिरत होते, दोन गोळ्यांवर घराबाहेर फिरायला लागले. किंग्ज हीथच्या पार्कातले कुत्रे फिरवणारे सगळे मला ओळखायला लागले. कुत्रा कुठाय, म्हणून एका म्हाताऱ्याने विचारलंही.

मंडळात मात्र माझं नाव झालं. गणपती असो, कोजागिरी असो, शाळेचा हॉल भाड्याने घेतलेला असो की कुणाचं घर असो, चहा मी देणार, ताटं मी उचलणार, खुर्च्या मी लावणार. बसायचं नाही ना, मग राबा! "सुप्रभाताई एक क्षण म्हणून टेकत नाहीत हो, केवढा तो उत्साह!" बायका कौतुक करायच्या आणि मी कपबशांचा ट्रे घेऊन त्यांच्यासमोरून पळायची. एकदा तर त्यांनी मला शाल दिली. ती घ्यायला मला स्टेजवर दहा मिनिटं बसवणार होते. मी ऐन वेळी समोसे तळायला निघून गेले.

सगळ्यात मोठी पंचाईत पुढेच होती. आमच्या लेकीचं, मंजिरीचं, लग्न ठरलं. इंग्लंडातच वाढलेली ती लंडनजवळ हाउन्सलोला राहायची, एअरपोर्टवर कार्गोच्या ऑफिसात नोकरी. मुलगा पिनरचा, अतुल, साधा आणि हसरा. लग्न मेच्या शेवटच्या शनिवारी, पिनरच्याच एका हॉलमध्ये. एका सकाळी तिचा फोन आला.

"आई, गुरुजीचा लिस्ट आलाय. कन्यादानला तू आणि बाबा दोघं पाटावर बसायचा. वन अँड अ हाफ अवर्स. यू विल बी ओके, ना?"

"न बसायला काय झालं?" मी म्हटलं. फोनची वायर पुरेल तिथपर्यंत मी पॅसेजमध्ये येरझारा घालत होते.

"नो, आय मीन, एंगेजमेंटला तू किचनमध्येच होता. अतुलची आई विचारत होती, तुझी आई रागवली आहे का आमच्यावर."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मुलगी बोहल्यावर चढणार आणि आई तिच्या शेजारी दीड तास बसू शकत नाही, असं कुठे असतं का? मी ह्यांना सांगितलं. हे शांतपणे म्हणाले, "त्याची व्यवस्था करू. लग्न होईपर्यंत चौथी गोळी घालू. एकदम शांत बसशील." तिसरी जानेवारीअखेर सुरू झालीच होती. मी मान हलवली. शनिवारपासून चौथी घ्यायची ठरलं.

शनिवारी सकाळी हे ऑन कॉल होते. चौथी गोळी बशीत काढून ठेवून गेले. ती जेवणानंतर घ्यायची होती. मी फ्रीझरसमोर उभी राहिले आणि पेल्हमचा १८५१ चा अहवाल काढला. अर्ध्यात आल्यावर दोन पानांवर लाल पेन्सिलीची काट दिसली. समासात ह्यांचं अक्षर: ओमिट, नो प्रेझेंट इंटरेस्ट. गाळावे, आज उपयोग नाही. त्याखाली तारीख. हे दुधाच्या बिलावरसुद्धा तारीख घालतील.

गाळलेलं टाइप करायचं नसतं, पण वाचायला कुणाची बंदी? इतक्या वर्षांची सवय. डॉक्टर जे खोडतात ते सेक्रेटरी आधी वाचते.

पेल्हमचं इंग्रजी जुनं आणि वळणावळणाचं. माझ्या मराठीत सांगते. तो म्हणतो, बायकांच्या वॉर्डात मी नऊ वर्षं एक मिश्रण देत आलो, दिवसातून तीनदा. ज्या बायका येताना नुसत्या दुःखी होत्या, त्या काही आठवड्यांनी फिरायला लागायच्या. भिंतीपासून भिंतीपर्यंत, बूट झिजेपर्यंत. मी वहीत लिहायचो, रोग वाढला, मात्रा वाढवली. यंदा जानेवारीत बर्फ एवढं पडलं की औषधाची गाडी खिंडीतून वर येईना. सव्वीस दिवस माझ्याकडे एक थेंब नव्हता. पहिला आठवडा फार वाईट गेला. रडारड, उलट्या, मी प्रार्थना करत होतो. तिसऱ्या आठवड्यात हॅना नावाची शेतकऱ्याची विधवा, जी सात वर्षं बसली नव्हती, ती खिडकीपाशी खुर्ची ओढून बसली आणि तिने विणायला लोकर मागितली. मी दारात उभा राहून पाहत होतो. मला आत जायची लाज वाटली. मी या वहीत नऊ वर्षं मोठ्या काळजीने एका रोगाचं वर्णन केलं होतं आणि तो रोग मीच तयार करत होतो.

माझे पाय चालूच होते. डावा, उजवा, डावा. मी ते पान पुन्हा वाचलं. मग पुन्हा. हॅना कशी बसली, खुर्ची कशी ओढली, सगळं मला दिसत होतं, आणि मला तिचा इतका हेवा वाटला की मी मोठ्याने रडले. मग समासातल्या तारखेकडे लक्ष गेलं. नऊ जानेवारी. हळदीकुंकू झालं ते त्यानंतर दोन आठवड्यांनी, रथसप्तमीला. मी वाण वाटता वाटता भुतासारखी फिरत होते, ते ह्यांनी पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तिसरी गोळी आली.

म्हणजे वाचून झाल्यावर.

मी कागद घातला आणि ती दोन पानं टाइप केली. एकही चूक नाही. साठचा स्पीड. रागात माझा हात फार चांगला चालतो.

हे एक वाजता आले. मी चहा ठेवला, जेवण नाही. पानं हातात दिली. "प्रूफ बघायचंय. मोठ्याने वाचा, मी मूळ धरते."

"हे मी गाळलं होतं."

"मी घातलं. वाचा."

ह्यांचा वाचनाचा आवाज छान आहे. ज्युनिअर डॉक्टरांना लेक्चर देतात तसं वाचायला लागले. बर्फापर्यंत ठीक होतं. हॅनाच्या खुर्चीपाशी आवाज बसला. शेवटचं वाक्य ह्यांनी वाचलंच नाही. कागद टेबलावर ठेवून चष्मा काढला. मी सिंकपासून मागच्या दारापर्यंत जात होते आणि परत येत होते, आणि ह्यांची नजर पहिल्यांदाच माझ्या चेहऱ्यावर नाही, पायांवर होती.

"तुम्ही हे जानेवारीत वाचलंत," मी म्हटलं.

"हो."

"आणि नंतर तिसरी दिलीत."

"ती औषधं वेगळी होती, प्रभा. त्या काळची, घाणेरडी. तुलना होत नाही..." मग ह्यांनी स्वतःच हात झटकला. "होते. होते तुलना. ह्याला नाव आहे. माझ्या हाताखालच्या रेजिस्ट्रार डॉक्टरांना मी हे पहिल्या महिन्यात शिकवतो. पेशंट फिरतोय म्हणजे आजारच असं समजू नका, आधी गोळी बघा."

"मग?"

"तू वॉर्डात असतीस तर मी आठवड्यात ओळखलं असतं."

असं वाक्य बायकोने ऐकून घ्यायचं आणि चहा ओतायचा! माझ्या हातातून गाळणं पडलं. "मग मला वॉर्डात का नाही नेलंत? अठरा वर्षं परक्यांच्या बायकांना बरं केलंत. मी काय वाईट केलं होतं? पार्कात कुत्र्यांबरोबर फिरले हो मी! मंजिरीच्या सासूला वाटतंय मी रुसलेय. आणि तुम्ही तिकडे पेन्सिलीने काट मारताय!"

"जानेवारीत कबूल केलं असतं तर मागची दोन वर्षंही कबूल करावी लागली असती," हे म्हणाले. "मला वाटलं, नसेल. थोडी वाढवली की थांबेल. मी स्वतःलाच पटवलं गं. दुसरं कुणी बघायला नव्हतंच ना. नर्स नाही, चार्ट नाही. फक्त मी." आणि मग फार लहान आवाजात, "घाबरलो मी."

मला त्यांची दया आली नाही असं नाही. पण त्या दिवशी माझ्याकडे दया फार थोडी होती आणि ती मला स्वतःलाच लागत होती. बशीतली गोळी मी परत बॉक्समध्ये टाकली.

"उरलेल्या एकदम बंद करू नकोस," हे घाईने म्हणाले. "हळूहळू उतरवायला लागतील. मी करतो तक्ता."

"तुम्ही नाही करायचा. सोमवारी सकाळी गिरीशकडे जायचं. आणि तुम्ही त्याला सांगायचं. मी नाही, तुम्ही. माझ्या फाइलवर लिहून घ्यायचं."

"अगं, मंजिरीचं लग्न महिन्यावर आलंय. आशाला कळलं तर..."

"कळू दे. शाल परत मागतील, दुसरं काय?"

रविवारी हे दिवसभर पेल्हमची पानं लावत बसले होते. मी मंजिरीला फोन केला आणि सगळं सांगितलं, आजीच्या हाकेपासून.  ती म्हणाली, "आई, तू मला सांगितला का नाही?" आणि रडायला लागली. "तू लग्नात उभा राहा ना मग. वॉक अराउंड. आय डोन्ट केअर." मी म्हटलं, गुरुजींना चालणार नाही. "देन गुरुजी कॅन सिट," ती म्हणाली. अडीच वर्षांत मी पहिल्यांदा पोट धरून हसले.

सोमवारी नऊ वाजता आम्ही सर्जरीत होतो. वेटिंग रूममध्ये मी अर्थातच उभी होते. आत गेल्यावर गिरीशने खुर्ची पुढे केली. "बसा ना वहिनी. काय, लग्नाची आमंत्रणं द्यायला दोघं जातीने?"

हे बसले. हॉस्पिटल कधी बंद होणार ते बोलले, हवेवर बोलले, प्रेसवाल्यांवर बोलले. मी हात धुवायच्या बेसिनपासून खिडकीपर्यंत जात होते. गिरीश ह्यांचं ऐकत होता आणि माझ्याकडे बघत होता. शेवटी ह्यांनी घसा खाकरला आणि इंग्रजीत सुरू केलं. एक सत्तेचाळीस वर्षांच्या बाई, पूर्वी कसलाही मानसिक आजार नाही, आईच्या मृत्यूनंतर तीन आठवडे आवाज ऐकू येत होते. राउंडवर केस सांगतात तसं. औषधाचं नाव, मात्रा, सगळं बिनचूक.

"कुठल्या वॉर्डातली केस?" गिरीशने विचारलं.

ह्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. मी थांबून वाट पाहिली. म्हणजे चालत वाट पाहिली. ह्यांनीच सांगायचं होतं, मी मदत करणार नव्हते.

"घरची," हे मराठीत म्हणाले. "सुप्रभा. मीच दिलं. अडीच वर्षं. कुणाला विचारलं नाही. गोळीने होत होतं आणि मी गोळी वाढवत गेलो."

गिरीशच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. तो ओरडला नाही, तसा स्वभावच नाही त्याचा. उठून कपाटातून माझ्या केसपेपरचं पाकीट काढलं. आत एकच कार्ड होतं आणि त्यावर धनुर्वाताच्या इंजेक्शनाखेरीज काही नव्हतं. त्याने पेन उघडलं आणि लिहायला लागला. मध्येच ह्यांना विचारून तारखा घेत होता आणि हे एखाद्या विद्यार्थ्यासारखे उत्तरं देत होते. महिन्याभरात हळूहळू उतरवू, तो म्हणाला, दर आठवड्याला वहिनी मला भेटतील, आणि तू ह्यात यापुढे डॉक्टर नाहीस, शशिधर. हे "हो" म्हणाले.

मग त्याने पेन खाली ठेवलं. "वहिनी, आई गेल्या तेव्हा तुम्हाला जाता आलं नाही, ना? नंतर त्यांच्याबद्दल कुणाशी बोललात?"

"बोलली ना," हे म्हणाले. "त्या वेळी मी तिला नीट..."

"मी वहिनींना विचारतोय."

 अडीच वर्षांत गोळी घेतलीस का, झोप लागली का, आवाज येतो का, सगळं विचारून झालं होतं. आई कशी होती, हे कुणीही विचारलं नव्हतं. मी खिडकीपाशी वळले. हे अजून खुर्चीतच होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि पुढचं उत्तरही तोंडात तयार.

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही बाहेर बसा."

त्यांना आधी कळलंच नाही. मग ते उठले, दार उघडून गेले, आणि काचेतून मला दिसलं, खोकणाऱ्या म्हाताऱ्याच्या आणि तान्हं मूल घेतलेल्या बाईच्या मधल्या खुर्चीत ते जाऊन बसले, आपला नंबर यायची वाट बघत बसतात तसे.

मी बेसिनकडे चालत निघाले आणि सांगायला लागले. आई दूध उतू जाऊ देत नसे, तिथूनच सुरुवात केली. गिरीशने मला पुन्हा बसायला सांगितलं नाही.